पेन्सिलीच्या ऑर्डरी

४ मे

तीर्थस्वरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून आधीच कान पकडते. तू माझ्यावर रुसली आहेस हे बाबांनी फोनवर सांगितलं, आणि हे मला कळवू नकोस असं तू त्यांना बजावलं होतंस हेही लगेच सांगून टाकलं. तुझ्या या भावाच्या पोटात चहा निवेपर्यंतसुद्धा काही राहत नाही, हे तुला इतक्या वर्षांत कळू नये म्हणजे कमाल आहे.

उशिराचं कारण ऐक आणि जरा ताठ बस. मला स्वतंत्र काम मिळालं आहे. आमचा फंड परिचारिकांच्या म्हातारपणाच्या पैशाचा, हे तुला माहीत आहे. त्यांच्या पगारातून कापलेला पैसा आमच्याकडे येतो, आम्ही त्याचे शेअर घेतो, आणि जन्मभर वॉर्डात उभ्या राहिलेल्या त्या बायका निवृत्त झाल्या की त्यांना दरमहा देतो. त्यातला सगळ्यात मोठा हिस्सा सध्या एकाच कंपनीत आहे. ती कॉम्प्युटरची मेमरी बनवते, म्हणजे कॉम्प्युटर जोडणाऱ्या तुझ्या कारखान्यात खोक्यांनी येतात त्याच पट्ट्या. दोन वर्षांत शेअर चौपट झाला. ज्यांनी तो घेतला ते गृहस्थ दुसरीकडे गेले आणि त्यांची खुर्ची, त्यांची फाइल आणि त्यांचा न चालणारा स्टेपलर माझ्या वाट्याला आला. जूनअखेर कमिटीपुढे उभं राहून मला सांगायचं आहे की आणखी घ्या, आहेत तेवढे ठेवा, की विका.

ऑफिसात सगळे म्हणतात, डोळे मिटून आणखी घ्या. भाव वर्षाच्या नफ्याच्या जेमतेम सहापट आहे, बाकीच्या कंपन्या वीसपटीला मिळतात, याहून स्वस्त ते काय. मला मात्र ते पटता पटत नाही. हा धंदाच वर-खाली होणारा. वर असताना नफा इतका फुगतो की त्याच्याशेजारी भाव बुटका दिसतो, आणि खाली आला की नफाच उरत नाही, म्हणून तोच शेअर महाग वाटतो. तापाने लाल झालेले गाल बघून तब्येत सुधारली म्हणावं, तसं हे सहापटीचं कौतुक मला वाटतं. पण मला काय वाटतं यावर कमिटी चालत नाही. कंपनीच्या माणसाने तर मला ऑर्डरींची यादीच दाखवली. पुढच्या अठरा महिन्यांचा सगळा माल आत्ताच विकला गेला आहे.

तू रोज याच पट्ट्या विकत घेतेस. ऑफिसचं गुपित काही नको, नुसतं एवढंच सांग की बाजारात खरंच इतकी ओढ आहे का.

लोभ आहेच, तो उशिराच्या पत्रालाही पुरावा ही विनंती.

तुझी,
ठकी


१२ मे

चि. ठकीस,
अ. उ. आ.

रुसले होते हे खरं आणि आता नाही हेही खरं. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, मग आमच्या टायपिस्टबाईंना वाचून दाखवलं, मग जेवणाच्या सुट्टीत स्टोअरकीपरला. संध्याकाळी पुन्हा काढलं तेव्हा तो म्हणाला की बाई, मला पाठ झालंय. म्हणू दे. आपल्या घरात शेअर हा शब्द कुणी जोरात उच्चारला नव्हता आणि माझी भाची कमिटीपुढे उभी राहून घ्या-विका सांगणार. दादाला म्हणावं, पोरीला गणिताला घालून काय उपयोग असं कोण म्हणालं होतं ते आठव.

आता तुझा प्रश्न. ओढ कसली, नुसती झुंबड आहे. पट्टीचा भाव आठवड्याला बदलतो. डीलर फोन उचलत नाहीत. उचलला तर मागितल्याच्या तिसरा हिस्सा देऊ म्हणतात आणि तेही उपकार केल्यासारखं. त्यात कॉम्प्युटरचं रूप दर सहा महिन्यांनी पालटतं. नवा प्रोसेसर आला की नवा बोर्ड, नवा बोर्ड आला की मागच्या वर्षीच्या पट्ट्या त्यात बसत नाहीत. हा माल भाजीसारखा आहे, आणून ठेवला की शिळा व्हायला लागतो. तरी सगळे हावऱ्यासारखे मागतायत.

पण तुझी आत्या हात चोळत बसणारी नाही. बावीस वर्षं मी खरेदी बघते आहे आणि माल नाही म्हणून आमची जुळणीची लाइन एक तासही थांबलेली नाही. मार्चअखेर निवृत्त होताना मला तेवढंच घरी घेऊन जायचं आहे. माझी युक्ती तुला सांगते, बोलू नकोस कुठे. मला शंभर पट्ट्या हव्या असल्या की मी तीन डीलरांकडे शंभर-शंभरची ऑर्डर लावते. तिघांनाही टाइप केलेलं, सही-शिक्क्याचं पत्र जातं. माझ्या वहीत मात्र एकच ऑर्डर शाईने आणि बाकीच्या दोन पेन्सिलीने. ज्याचा माल आधी येईल त्याचा ठेवायचा, उरलेल्या दोघांना गोड बोलून नाही म्हणायचं आणि वहीत खोडरबर फिरवायचा. आजवर कुणाला पत्ता लागलेला नाही.

वेळेवर जेवत जा. कमिटीपुढे तो खांद्यावरून घसरणारा निळा सदरा घालू नकोस.

माया आहे तशीच आहे, मोजायला बसू नकोस.

तुझी,
आत्या


१९ मे

तीर्थस्वरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र जिन्यात उभं राहून वाचलं आणि तिथेच पाकिटाच्या मागे आकडेमोड केली.

तुला पट्ट्या हव्या शंभर. पण तीन डीलरांनी प्रत्येकी शंभर अशा तीनशे वर कळवल्या. कंपनीच्या यादीत तीनशे लिहिल्या गेल्या आणि त्या सगळ्या शाईने. तुझी पेन्सिल तुझ्या वहीतच राहिली, ती कंपनीला दिसतच नाही. तू एकटीच असं करत असशील तर काही बिघडत नाही. पण माल मिळत नाही म्हटल्यावर सगळेच असं करत असतील, तर अठरा महिन्यांची ती यादी खरं तर सहा-आठ महिन्यांचीच असेल. आणि त्या यादीच्या भरवशावर आज पाच ठिकाणी मेमरीचे नवे कारखाने बांधले जातायत. एक कारखाना उभा राहायला दोन वर्षं लागतात. दोन वर्षांपूर्वी भाव चढू लागले तेव्हा सगळ्यांनी एकदमच पाया खणला, म्हणजे उघडतीलही सगळे एकदमच. त्या दिवशी माल भरपूर होईल, तिघांकडे मागायची गरज उरणार नाही, आणि सगळे एकाच आठवड्यात खोडरबर हातात घेतील.

एका मुलीसाठी तीन घरी बोलणी चालू आहेत आणि तिन्ही घरांनी हॉल ठरवून ठेवला आहे, असं हे झालं. रागावू नकोस, पण ही मागणी खोटी आहे. खोटी म्हणजे सरळ खोटी. तुझ्या ओळखीतले बाकीचे खरेदीवाले काय करतात, तुला काही अंदाज आहे का?

उत्तराची वाट बघते. तुझा लोभ शाईचा आहे हे मी धरून चालले आहे.

तुझी,
ठकी


२६ मे

चि. ठकीस,

आशीर्वाद नेहमीचेच, बाकी मजकूर थोडका.

खोटी म्हणालीस ते वाचलं. बावीस वर्षं मी कुणाचं बिल अडवलं नाही की खराब माल कुणाच्या गळ्यात मारला नाही. छत्तीस माणसं त्या लाइनवर बसतात, त्यांचे हात रिकामे राहू नयेत म्हणून मी हे करते. तू चार बुकं जास्त शिकलीस म्हणून आत्याच्या कामाला खोटं म्हणायचा परवाना मिळाला असं समजू नकोस.

आणि बाकीच्यांचं विचारतेस तर ही युक्ती माझी आहे, मी शोधून काढलेली. दुसऱ्या कुणाच्या डोक्यात येईल असं मला वाटत नाही. खरेदीतली बाकीची मंडळी सरळमार्गी आहेत.

तुझी,
आत्या


१४ जून

चि. ठकीस,
अ. उ. आ.

तू उत्तर पाठवलं नाहीस ते बरं केलंस. मागचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत शेवटचं वाक्य मला टोचायला लागलं. बाकीचे सरळमार्गी, मग मी कोण?

खरेदीतले अकरा जण मी फोनवरून ओळखते. काहींना पंधरा-पंधरा वर्षं. एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, पण आवाजावरून कुणाला सर्दी झाली तेही कळतं. मी एकेकाला फोन लावला. विचारलं काहीच नाही, आधी माझंच गुपित सांगून टाकलं. पहिला तर इतका वेळ हसत होता की मला वाटलं लाइन बिघडली. तो म्हणाला की तो हिरव्या शाईने लिहितो. दुसऱ्या एक बाई आहेत, फार सोवळ्या बोलणाऱ्या. त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवतात. एक जण अशा ऑर्डरींना पाहुणे म्हणतो, कारण त्या राहायला आलेल्या नसतात. एक महाभाग तीन नाही, पाच ठिकाणी लावतो. अकरांतल्या नऊ जणांचं हे असं निघालं आणि नऊच्या नऊ जण मला म्हणाले की ही युक्ती त्यांची स्वतःची आहे, कुणाला बोलू नका.

इतकी वर्षं स्वतःला एकटीच हुशार समजत होते बघ. हसू आलं आणि लाजही वाटली. तुझा शब्द मला झोंबला होता, पण तो बरोबर होता. मी तिघांना सही-शिक्क्यानिशी शब्द देत होते आणि पाळायचा एकालाच होता. याला दुसरं काय म्हणायचं.

यातलं कुणाचं नाव, कुठल्या कंपनीचं नाव तुझ्या कागदावर येता कामा नये. माझंही नाही. लोकांनी विश्वासाने सांगितलं आहे. तुला वाट सापडली आहे, आता तुझ्या पायांनी चाल आणि तुझा पुरावा तू गोळा कर. तुला ते जमेल याबद्दल मला शंका नाही. ठकी, दोन पत्रांत तू आत्याला तिची चूक दाखवलीस आणि आत्याला त्याचा अभिमान वाटला, हे दादाला सांगू नकोस, तो गावभर करेल.

राग गेला, लोभ राहिला. तोच खरा समज.

तुझी,
आत्या


३ जुलै

तीर्थस्वरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

झालं एकदाचं. विकले, सगळेच्या सगळे.

तू म्हणालीस तसं पायांनीच चालले. दोन आठवडे कॉम्प्युटर जोडणारी दुकानं आणि छोटे कारखाने पालथे घातले. नाव लिहिणार नाही असं आधी सांगायचे आणि मग सरळ विचारायचे की एका गरजेसाठी किती जणांकडे मागता. चाळीस ठिकाणी गेले, एकतीस जणांनी दोन किंवा जास्त सांगितलं. चपलेचा अंगठा तुटला तो एका दुकानदाराने सोल्डरिंगच्या तारेने बांधून दिला. अजून टिकून आहे.

कमिटीत तिघे असतात. आमचे साहेब, हिशेबाचे अधिकारी आणि परिचारिकांच्या वतीने एक निवृत्त मेट्रन. त्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणतात. मी कागद टेबलावर ठेवून, मान वर न करता वाचला. हिशेबाचे अधिकारी म्हणाले की नफ्याच्या सहापट भावाने मिळणारी कंपनी विकायला निघालेली मुलगी त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. चाळीस दुकानदारांच्या गप्पांवर म्हाताऱ्यांचा पैसा हलवायचा का, असं त्यांनी साहेबांना विचारलं, मला नाही. मग मोठ्या सिस्टरांनी सांगितलं की वॉर्डात हातमोज्यांचा तुटवडा पडला की त्या तीन मजल्यांवरच्या तीन स्टोअरना चिठ्ठी पाठवायच्या, आणि स्टोअरवाले वर लिहायचे की पेशंट तिप्पट झाले. एवढं बोलून त्यांनी विकायच्या बाजूने हात वर केला. साहेबही सिस्टरांच्या बाजूने गेले. बाहेर आल्यावर मला म्हणाले की बरोबर ठरलं तर श्रेय फंडाचं, चुकलं तर सही तुझी.

आत्या, मी घाबरलेली आहे. पण खरं सांगू, त्या खोलीत एवढं बोलून बाहेर येताना मला माझाच अभिमान वाटला. हे तुझ्याशिवाय कुणाला लिहिणार.

असाच लोभ ठेव, तो आता फार लागणार आहे.

तुझी,
ठकी


१० जुलै

चि. ठकीस,
अ. उ. आ.

पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. स्टोअरकीपरने या वेळी स्वतःहून मागून घेतलं.

तुला एक कळवायचं आहे. काल मी वही उघडली आणि पेन्सिलीच्या सगळ्या ऑर्डरी काढून टाकल्या. डीलरांना पत्रं गेली. आता आमच्या कारखान्याची एका मालाची एकच ऑर्डर असेल, शाईची, खरी गरज असेल तेवढीच. साठाही दोन आठवड्यांपुरताच ठेवणार. तू चाळीस दुकानं पालथी घालून जे सांगतेस त्यावर आत्याने विश्वास ठेवायचा आणि वहीत मात्र उलटंच लिहायचं, हे मला जमणार नाही.

लाइनची काळजी आहे. नाही कशी असेल. पण तू तिथे एकटी उभी राहणार आणि मी इथून नुसते आशीर्वाद पाठवणार, हे काही खरं नाही.

चपला नव्या घे. माया इकडे भरपूर आहे, वाण चपलांचीच दिसते.

तुझी,
आत्या


२० सप्टेंबर

तीर्थस्वरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आपण विकल्यापासून शेअर आणखी तिसऱ्या हिश्शाने चढला आहे. रोज सकाळी जिन्यात कुणी ना कुणी मला आजचा भाव सांगतं, न विचारता. माझं टेबल झेरॉक्स मशीनशेजारी हलवलं आहे, जागेची अडचण म्हणून. हातात काम दिलंय पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कंपन्यांचं. साहेब वाईट बोलत नाहीत, पण बोलतही नाहीत. वर्षअखेर माझी नोकरी कायम करायची की नाही ते ठरणार आहे, आणि काय ठरणार ते त्या मशीनलासुद्धा माहीत आहे.

परवा एक निवृत्त परिचारिका खाली काउंटरवर आली होती. तिने कुठेतरी वाचलं होतं की तो शेअर वाढतोय आणि आपल्याकडे तो आता नाही. कुणी विकला म्हणून विचारत होती. मी पुढे होऊन सांगितलं की मी. तिने माझ्याकडे फक्त बघितलं आणि छत्री उचलून निघून गेली. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

कागद मी रोज पुन्हा तपासते. चूक सापडत नाही. पण माझ्या शब्दावर तू तुझी बावीस वर्षं लावू नकोस. हात जोडून सांगते, त्या दोन ऑर्डरी परत लाव. बुडायचंच असलं तर मी एकटी बुडते.

लोभ असू दे, पण या बाबतीत माझं ऐक.

तुझी,
ठकी


२ ऑक्टोबर

चि. ठकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र येण्याच्या आधीच जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच लिहिते. सप्टेंबरच्या चौदा आणि पंधरा तारखेला आमची लाइन थांबली. पट्ट्या आल्या नाहीत. शाईच्या एका ऑर्डरीचा माल डीलरने दुसऱ्याला दिला आणि मागे पेन्सिल नव्हती.

पूर्ण दोन दिवस. छत्तीस माणसं जुळणीच्या सरकत्या पट्ट्याशेजारी हात मांडीवर ठेवून बसली होती. कुणी मला टोचून बोललं नाही, एका फिटरने तर माझ्यासाठी खुर्ची आणली. तेच जास्त लागलं. मॅनेजरसाहेबांनी बोलावून विचारलं की दरवेळी माल आणता, याच वेळी काय झालं. मी खरं तेच सांगितलं, की एक मागायचे तिथे तीन मागत होते, आता एकच मागते. त्यांनी लेखी समज दिली. बावीस वर्षांत पहिली. तिघांकडे मागायला सुरुवात करा म्हणाले. मी म्हटलं तेही लेखी द्या. ते काही त्यांनी दिलं नाही, म्हणून मीही काही लावलं नाही.

आता तू रडत बसू नकोस, आणि स्वतःला दोष तर मुळीच देऊ नकोस. ऑर्डरी काढून टाक असं तू मला कधी म्हणाली नाहीस. काढल्या त्या मी. त्या परिचारिकेला तू ‘मी विकला’ असं सांगितलंस ना, मग मलाही म्हणू दे. लाइन मी थांबवली.

घाबरायला झालं की कागद पुन्हा तपास. चूक निघाली तर कबूल कर. निघत नसेल तर मान वर करून झेरॉक्सशेजारी बस. आपल्या घरात टेबलाच्या जागेवरून कुणी कुणाला जोखलेलं नाही.

लोभ दोन दिवसही थांबलेला नाही, हे ध्यानात ठेव.

तुझी,
आत्या


२८ जानेवारी

तीर्थस्वरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बाबा मध्ये मध्ये बोलत होते म्हणून काहीच धड सांगता आलं नाही. आता नीट लिहिते.

नोव्हेंबरात दोन नवे कारखाने सुरू झाले, डिसेंबरात आणखी एक. नवा प्रोसेसर आला, त्याच्या बोर्डाला लांब पट्ट्या लागतात, जुन्या आखूड पट्ट्या कुणी हातात धरेना. मग एका आठवड्यात सगळ्यांनी खोडरबर काढले. कंपनीची अठरा महिन्यांची यादी पंधरा दिवसांत विरून गेली. पट्टीचा भाव तिसऱ्या हिश्शावर आला आणि शेअर, आपण विकला त्याच्या चौथ्या हिश्शावर.

शुक्रवारी मला सहाव्या मजल्यावर, कमिटीच्या खोलीत बोलावलं. साहेबांनी कमिटीपुढे माझा जूनअखेरचा कागद पुन्हा वाचायला लावला. या वेळी मान वर करून वाचला. हिशेबाच्या अधिकाऱ्यांनी मध्येच थांबवून सांगितलं की त्या दिवशी त्यांनी मला प्रश्न विचारायला हवा होता, साहेबांना नव्हे. हे बोलणं सोपं नव्हतं आणि मला ते फार आवडलं. श्रेय फंडाचं म्हणणाऱ्या साहेबांनी वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं की निर्णय हिचा. सिस्टरांनी हिशेब केला की हा पैसा तिथेच राहिला असता तर नऊ हजार बायकांचं दरमहाचं कमी करावं लागलं असतं. तो आकडा मी माझ्या कागदाच्या खाली लिहून घेतला. नोकरी कायम झाली आहे. आता विचारतायत की परत कधी घ्यायचा. मी म्हटलं, नफा शून्य होऊन शेअर सगळ्यांना महाग दिसायला लागेल, तेव्हा सांगेन.

सगळे अभिनंदन करतात आणि मला सारखी तुझी लेखी समज आठवते. मी बरोबर ठरले ते जानेवारीत. तू माझ्यावर विश्वास ठेवलास तो जुलैत, आणि त्याची किंमत मोजलीस सप्टेंबरात. आत्या, तुझ्यासारखी बाई माझ्या घरातली आहे याचा मला किती अभिमान वाटतो ते मला धड लिहितासुद्धा येत नाही. तुमच्याकडे सध्या काय चाललंय?

तुझ्या लोभावर मी मोठी झाले, अजून पोट भरलेलं नाही.

तुझी,
ठकी


२ एप्रिल

चि. ठकीस,
अ. उ. आ.

परवा निवृत्त झाले. घरी बसून पत्र लिहायचा हा पहिला दिवस, म्हणून जरा लांबण लागली तर चालवून घे.

आमच्याकडचं विचारलं होतंस. हिरव्या शाईवाल्याच्या गोदामात आखूड पट्ट्यांची खोकी छताला लागली आहेत. पाच ठिकाणी मागणाऱ्याला पाचही जणांनी एकदम माल पाठवला. तो आता मला फोन करून नुसता उसासे टाकतो. आमच्याकडे होता दोन आठवड्यांपुरता साठा, तो संपला आणि आम्ही लांब पट्ट्यांवर गेलो. मॅनेजरसाहेबांनी फेब्रुवारीत माझी ती समज फाइलमधून काढून स्वतः माझ्या टेबलावर आणून ठेवली, फाडून टाका म्हणाले. मी फाडली नाही. घरी आणली आहे.

निरोपाचा कार्यक्रम लाइनवरच झाला. पट्टा बंद करून खुर्च्या मांडल्या होत्या. साहेब माझ्याबद्दल चांगलं बोलले, मनापासून बोलले. शेवटी म्हणाले की या बाईंच्या बावीस वर्षांत मालाअभावी ही लाइन एक तासही थांबली नाही. त्यांना सप्टेंबर आठवत होता, मला कमीपणा येऊ नये म्हणून त्यांनी तो गाळला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्या छत्तीस जणांनी ते दोन दिवस हात मांडीवर ठेवून काढले त्यांनीसुद्धा.

मला आभाराचे दोन शब्द बोलायचे होते. मी उभी राहिले आणि म्हटलं की साहेबांच्या बोलण्यात एक दुरुस्ती आहे. लाइन थांबली होती, दोन दिवस, आणि ती मी थांबवली होती, ते दोन दिवस कृपा करून कुणी गाळू नयेत. मग सांगितलं की माझ्या भाचीने एक गोष्ट शोधून काढली होती, सगळा बाजार उलटं म्हणत होता आणि ती झेरॉक्सच्या मशीनशेजारी बसून आपल्या शब्दावर ठाम होती. लाइन चालू ठेवणं हे काम होतं, त्याचा पगार मला मिळाला. पण ती खरं बोलते आहे हे कुणालाच पटत नव्हतं तेव्हा मला पटलं होतं, आणि त्याचा पुरावा म्हणून दाखवायला माझ्याकडे तेवढे दोनच दिवस आहेत.

यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सगळे उठून उभे राहिले.

आशीर्वाद आता पुष्कळ उरलेत आणि वेळही. दोन्ही तुझ्याकडेच येणार आहेत, जागा करून ठेव.

तुझी,
आत्या